बांधाच्या त्या टोकाला

म्हसळ्याच्या एसटी स्टँडवर उतरून तुम्ही कोणालाही 'मोहल्ला कुठे?' म्हणून विचारलंत, तर तो उलट तुम्हालाच विचारील, 'कुठला मोहल्ला?' आमच्या तालुक्यात गावोगाव मोहल्ले आहेत. मी ज्या मोहल्ल्याबद्दल लिहितोय त्याला वेगळं नाव नाही. सातबाऱ्यावर आमच्याच गावाचं नाव, रेशनकार्डावर आमच्याच गावाचं नाव, मतदारयादीतही तेच. रस्त्याला पाटी नाही. आम्ही कुणबी वाडीतले लोक त्याला नुसतं 'मोहल्ला' म्हणतो आणि ते आमच्या वाडीला नुसतं 'वाडी' म्हणतात. दोघांचं त्यावर भागतं.

राजपुरीची खाडी मुरूडपाशी समुद्रातून आत शिरते, डाव्या हाताला जंजिरा सोडून, आणि वळत वळत म्हसळ्यापर्यंत येते. तिच्या वरच्या अंगाला आमचं गाव. वाडी डोंगराच्या उतारावर, मोहल्ला खाडीच्या काठाला आणि दोघांच्या मध्ये खाजणातली भातशेती. त्या शेतीला खाडीकडून मातीचा लांब बांध. बांधाच्या एका टोकाला आमची पायवाट उतरते, दुसऱ्या टोकाला मोहल्ल्याची मशीद. माझ्या लहानपणी मोहल्ल्यात बावीस घरं होती. आजही बावीसच आहेत, पण संध्याकाळी दिवा लागतो तो आठ घरांत.

पर्यटक जंजिरा बघायला मुरूडला येतात, दिवेआगरला येतात, हरिहरेश्वरला जातात. आमच्याकडे कोणी येत नाही. येण्यासारखं काही नाहीच. जांभ्या दगडाची, कौलारू छपराची एक लहान मशीद आहे. एक विहीर आहे, तिचं पाणी मे महिन्यातही गोडं असतं, आणि खाडीपासून ती शंभर पावलांवर आहे. एक जुना धक्का आहे, त्याचे दगड निम्मे पाण्यात गेलेत. कबरस्तानात चाफ्याची झाडं आहेत. बस, एवढंच. तरी माझ्या आयुष्यातल्या दोन मोठ्या गोष्टी त्या मोहल्ल्याशी जोडलेल्या आहेत. त्यातली एक सांगायला मला तीस वर्षं लागली.

आमच्या भागाला जुने लोक हबसाण म्हणत. हबशी म्हणजे सिद्दी, आफ्रिकेतून आलेले. त्यांचं राज्य म्हणून हबसाण. जंजिरा संस्थान १९४८ साली मुंबई इलाख्यात विलीन झालं आणि मुरूड, म्हसळा, श्रीवर्धन कुलाबा जिल्ह्यात आले. माझा आजा मरेपर्यंत 'नबाबाच्या टायमाला' असंच बोलायचा. मुंबईच्या लोकांना वाटतं की इथले सगळे मुसलमान सिद्दी. तसं नाही. सिद्दी राज्यकर्ते, घरं थोडी. मोहल्ल्यांतून राहतात ते कोकणी मुसलमान. अरबी व्यापारी गलबतं घेऊन या किनाऱ्याला येत, इथंच राहात, इथल्या बायका करीत, त्यांचा हा वंश, असं ते सांगतात. हजार वर्षांहून जुनी गोष्ट आहे ही. ते शाफई पंथाचे. घाटावरचे मुसलमान बहुतेक हनफी. घरात बोलतात ती कोकणी, म्हणजे आमच्याच बोलीची बहीण. माझी आई आणि तांडेलचाची विहिरीवर बोलायला लागल्या तर डोळे मिटून ऐकणाऱ्याला कोण कुठली ते कळायचं नाही. आडनावंही आमच्यासारखीच, गावावरून पडलेली, शेवटी 'कर' लावलेली. नाहीतर काझी, खतीब, मुकादम, सरखोत.

सगळं गोड होतं असं मात्र मी लिहिणार नाही. मोहल्ल्यातली दोन घरं खोतांची होती. आमच्या वाडीतली सगळी त्यांची कुळं. माझा आजा खोताच्या अंगणात चप्पल घालून गेला नाही. पुढे कुळकायदा आला, १ एप्रिल १९५७ला कसेल त्याची जमीन झाली आणि आमच्या नावावर दीड एकर खाजण लागलं. खोतांच्या घरांना ते बरं वाटलं असेल कशाला? काही वर्षं दोन्हीकडून बोलणं बंद होतं. पण मोहल्ल्यातली बाकीची वीस घरं खोतांची नव्हती. ती गलबतावरच्या माणसांची, मासेमारांची आणि आमच्यासारखीच थोडक्या शेतावर जगणाऱ्यांची होती. त्यांची आमची गाठ पडायची ती बांधावर.

ज्यांनी खाजण बघितलेलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. खाडीचं पाणी खारं. उधाणाच्या भरतीला ते शेताच्या पातळीहून वर चढतं. म्हणून बांध. बांधाच्या बाहेर खारं पाणी, आत भात. बांधात एका जागी उघाडी असते, म्हणजे पाणी सोडायची मोरी, तिला लाकडी झडप. बाहेर भरती आली की पाण्याच्या रेट्यानं झडप आपोआप बंद होते. ओहोटीला बाहेरचं पाणी उतरलं की आतलं पावसाचं पाणी झडप ढकलून बाहेर पडतं आणि जमिनीतला खार धुऊन नेतं. जून-जुलैचा पाऊस असा दोन-चार वेळा धुऊन गेला की मग लागवड. अगदी खाऱ्या तुकड्यात लावणी करीत नाहीत, मोड आणलेलं भात फेकतात, त्याला आम्ही रहू म्हणतो. पीक तांबड्या भाताचं. पुढे पनवेलच्या खार जमीन संशोधन केंद्रानं काढलेलं बियाणं आलं, तेही लावलं. त्याच शेतात पावसाळ्यात निवट्या, चिंबोऱ्या, कोलंबी. नशीब असेल तर जिताडा.

हे सगळं त्या मातीच्या बांधावर अवलंबून. आणि मातीचा बांध म्हणजे लहान पोर, रोज बघायला लागतं. खेकडे त्याला भोकं पाडतात. एका भोकातून पाणी झिरपायला लागलं की तिथं माती सुटते, आणि एका रात्रीत खांड पडते. खांड पडली की खारं पाणी आत येतं आणि उभं पीक आठ दिवसांत पिवळं होऊन बसतं. मग पुढची दोन-तीन वर्षं नुसती जमीन धुण्यात जातात.

बांधाच्या आत पन्नासेक एकर होती. निम्म्याहून जास्त मोहल्ल्याची, बाकी आमची. कोणाची किती त्या हिशेबानं माणसं द्यायची हा जुना रिवाज. हिवाळ्यात, आणि परत पावसाच्या तोंडावर, अष्टमीच्या आसपास काम काढायचं. कारण अमावास्या-पौर्णिमेला उधाण, आणि अष्टमीला भांग. भांगाची भरती बुटकी असते. अष्टमीला सकाळी सहाच्या सुमारास भरती, बाराच्या सुमारास ओहोटी. म्हणजे भाकर खाऊन निघालं की चार-पाच तास कामाला मिळतात. आम्ही तिथी मोजायचो, ते चांदाची तारीख मोजायचे. आमची अष्टमी आणि त्यांचा सात-आठवा चांद एकच. तारखेवरून कधी भांडण झालं नाही, कारण खाडी दोघांनाही एकच वेळ देत होती.

खाडीच्या बाजूनं चिखलाची ढेकळं कापायची, माणसांची ओळ लावायची आणि ढेकूळ एका हातातून दुसऱ्या हातात देत बांधावर पोचवायचं. मध्ये पेंढा घालायचा, वरून पायांनी तुडवायचं, पाण्याच्या अंगाला दगड रचायचे. ओळीत एक आमचा, एक त्यांचा असं काही ठरवलेलं नसायचं. ज्याला जिथं जागा मिळेल तिथं तो उभा. चिखलात सगळे सारखेच काळे दिसायचे.

जेवायला बसताना मात्र दोन ओळी व्हायच्या. आमची माणसं आंब्याखाली, त्यांची मशिदीच्या पडवीत. माझी आई मोहल्ल्यातलं शिजवलेलं खायची नाही. तांडेलचाचीला ते ठाऊक होतं. ईदेला ती आमच्याकडे शिजवलेलं कधीच पाठवायची नाही. सुपात तांदूळ, एक नारळ, गुळाचा खडा आणि शेवयांचं पुडकं, असा कोरा शिधा यायचा. आई त्याच शेवया आपल्या चुलीवर करायची. दोघींनी याबद्दल एक शब्द कधी काढला नाही. मी मात्र पोरवयात आंब्याखालून उठून पडवीत जायचो आणि चाचीच्या हातचं नारळाच्या रसातलं चिंबोरीचं कालवण नि तांदळाची भाकर खाऊन यायचो. आईला वास यायचा. ती म्हणायची, 'खाडीवर तोंड धुवून ये.' पण मारलं कधी नाही.

तांडेलचाचा हा त्या बांधाचा खरा मालक. म्हणजे जमीन त्याची सगळ्यात कमी, पाऊण एकर. पण बांधावर शब्द त्याचा. तांडेल म्हणजे गलबताचा म्होरक्या. तरुणपणी तो आमच्या खाडीतून शिडाचं गलबत घेऊन मुंबईला जळाऊ लाकूड आणि कोळसा न्यायचा. रस्ते झाले, ट्रक आले आणि गलबतं धक्क्याला कुजली. मग तो बांधाकडे वळला. उंच, वाकलेला, डोक्याला विणलेली टोपी आणि कमरेला लुंगी. कुठलं भोक खेकड्याचं आणि कुठलं झिरपणीचं, ते तो पायाच्या अंगठ्यानं सांगायचा. लिहिता-वाचता येत नव्हतं. १९७६ साली मी दहावी पास झालो तेव्हा त्यानं मला आठ आणे दिले आणि म्हणाला, 'आता तू हिशेब ठेव. कोणाची किती माणसं आली, किती नाय आली.' त्या वर्षापासून बांधाची वही माझ्याकडे आली. ती अजून माझ्याकडे आहे.

त्या वहीत मोहल्ल्याचा सगळा इतिहास आहे, वाचणाऱ्याला कळला तर. सुरुवातीच्या पानांवर मोहल्ल्याची अठरा-वीस माणसं. मग चौदा. मग नऊ. तरुण पोरं गेली. पूर्वीही जायची, बोटीवर खलाशी म्हणून, कोणी आफ्रिकेला. पण ७३-७४नंतर दुबई, कुवेत, कतार सुरू झालं आणि मोहल्ला रिकामा व्हायला लागला. दर घरातला एक तरी आखातात. मनिऑर्डरी, मग बँकेचे ड्राफ्ट. कौलं जाऊन स्लॅब आले. कोणाकडे नॅशनल पॅनासॉनिकचा टेप आला, तो ऐकायला आम्ही वाडीतली पोरं कुंपणापाशी उभे राहायचो. आमचीही पोरं जात होतीच, फक्त ती मुंबईला, गोदीत, गिरणीत, हॉटेलात. म्हणजे वहीत आमचेही आकडे उतरत होते.

मग १९९०चा ऑगस्ट आला. इराकनं कुवेत घेतलं आणि तिथं अडकलेली आपली माणसं विमानांनी परत आली. मोहल्ल्यात एकदम अकरा जण आले. काहींच्या हातात एक पिशवी, तेवढीच. बायका रडत होत्या, पण तांडेलचाचा म्हणाला, 'अल्लानं बांधाला माणसं धाडली.' त्या हिवाळ्यात आणि पुढच्याही, बांध कधी झाला नव्हता असा पक्का झाला. कुवेतला क्रेन चालवणारा गडी चिखलात उभा राहून ढेकळं फेकत होता. उघाडीला नवी झडप बसवली, सागाची. ९१-९२च्या पानावर मोहल्ल्याची एकवीस माणसं आहेत, वाडीची सोळा. एवढी माणसं त्याआधी नव्हती आणि नंतरही नाहीत.

आता जे सांगायला मला वेळ लागला ते सांगतो.

१९९२च्या डिसेंबरात अयोध्येची मशीद पडली. मुंबईत दंगली झाल्या. आमच्या वाडीतली पोरं मुंबईतच होती, त्यांच्या बातम्या येत होत्या. मोहल्ल्यातल्यांचेही नातेवाईक मुंबईत होते, त्यांनाही बातम्या येत होत्या. मग १२ मार्च १९९३ला मुंबईत बॉम्बस्फोट झाले. त्यासाठीचा दारूगोळा आमच्याच जिल्ह्याच्या किनाऱ्यावर, दिघीला आणि शेखाडीला उतरवला होता, हे पुढे पेपरात आलं. दिघी म्हणजे आमच्याच खाडीचं तोंड. सगळ्या किनाऱ्यावर चौकशा सुरू झाल्या. आमच्या मोहल्ल्यातल्या एकाचंही नाव त्यात नव्हतं, पण ते कोण ऐकतो? रात्री खाडीत कंदील दिसला तरी वाडीत कुजबुज व्हायची. तो कंदील कोलंबी पकडणाऱ्याचा आहे हे आम्हाला जन्मापासून माहीत होतं, तरी कुजबुज व्हायची.

आमच्या वाडीत बैठक वगैरे झाली नाही. कोणी 'जाऊ नका' असंही म्हणालं नाही. पण त्या वर्षी पावसाच्या तोंडावरच्या बांधकामाला वाडीतून कोणी गेलं नाही. कोणाची कंबर धरली होती, कोणाकडे पाहुणे होते, कोणाचा बैल आजारी. मी वही काढलीच नाही. १९९३चं पान कोरं आहे.

आषाढातल्या अमावास्येच्या आदल्या संध्याकाळी, पाऊस कोसळत असताना, तांडेलचाचा इरलं घेऊन आमच्या अंगणाच्या कडेला आला. वर आला नाही. तिथूनच म्हणाला, 'उघाडीच्या दक्षिणेला बांध झिरपतोय रं. उद्या उधाण हाय. दहा माणसं काढ, पेंढा घे, आताच गेलो तर राहील.'

मी पडवीतून म्हणालो, 'चाचा, माणसं दिवसभर लावणीत होती, दमलीत. उद्या सकाळी बघतो.'

तो थोडा वेळ उभा राहिला. मग म्हणाला, 'पाणी आत आलं तं तुझ्याबी शेतात येल ना रं.' आणि गेला.

मी पडवीत बसून राहिलो. बायको म्हणाली, 'जा ना.' मी गेलो नाही. खोटं कशाला लिहू, दमलेलो नव्हतो. वाडीतल्या लोकांना काय वाटेल, एकटाच कसा जाऊ, एवढाच विचार होता. उद्या मला कोणी काही बोललं असतं तर काय, एवढीच भीती. ज्या माणसाच्या घरचं कालवण मी दहा वर्षं चोरून खाल्लं, त्याच्याबरोबर उघड बांधावर जायला मी भ्यालो.

दुसऱ्या दिवशी मध्यरात्रीच्या भरतीला खांड पडली. आवाज वाडीपर्यंत आला, डोंगरातून दगड घरंगळावेत तसा. सकाळी गेलो तर पंधरा हात बांध गेला होता आणि खाडी सरळ शेतात शिरत होती. कुवेतवाल्यांनी बसवलेली सागाची झडप उपटून माझ्याच शेतात आडवी पडली होती. आठवड्यात सगळं पीक पिवळं झालं. माझं दीड एकर, त्याचं पाऊण, सगळ्यांचं. पाण्यानं आमचं-त्यांचं काही बघितलं नाही.

त्या वर्षी आम्ही रेशनचे तांदूळ खाल्ले. मोहल्ल्यातले कुवेतवाले एकेक करून परत गेले, काही सौदीला, काही दुबईला. जाताना कोणी निरोप घ्यायला वाडीत आलं नाही.

पौषातल्या अष्टमीला मी वही घेऊन बांधावर गेलो. आम्ही पाच जण होतो, ते सात. तांडेलचाचा आधीच चिखलात उभा होता. त्यानं मला बघितलं, पहिलं ढेकूळ कापलं आणि माझ्या हातात दिलं. 'नीट धर, निसटंल,' एवढंच म्हणाला. बारा माणसांनी पंधरा हात खांड भरायची म्हणजे काय ते ज्यानं केलंय त्यालाच कळेल. दोन हिवाळे लागले. मोठा खर्च करून दगडी बांध घालावा तर आमचा बांध खाजगी, सरकारी योजनेत नव्हता. जमेल तसा भरला. पुढे दोनदा फुटला, दोनदा भरला. दक्षिणेकडचा तुकडा शेवटी सोडून द्यावा लागला. तिथं आता कांदळ आणि चिपीचं रान आहे. ते तोडायला कायद्यानं बंदी आहे, आणि त्या रानात मासळीची पिल्लं वाढतात हेही खरं आहे. पण त्या रानाखाली माझं एक एकर आहे. आता उरलेलं अर्धं पिकवतो.

तांडेलचाचा २००८ साली गेला. जायच्या आधी महिनाभर अंथरुणावर होता. मी रोज संध्याकाळी जाऊन बसायचो. एक दिवस मनात फार आलं आणि मी म्हणालो, 'चाचा, त्या सालाला मी खोटं बोललो. माणसं दमली नव्हती.'

तो छपराकडे बघत म्हणाला, 'मला ठाव होतं. तुझ्या पडवीतला दिवा मला बांधावरनं दिसत होता. रातभर जळत होता.'

मला काही बोलवेना. थोड्या वेळानं तोच म्हणाला, 'पन मीबी एकटाच आलतो ना तुझ्याकडं. आमच्या घरातनी दहा गडी होते. कुणी भायेर पडला नाय. भ्याले होते. तुमी आमाला भ्याला, आमी तुमाला भ्यालो. बांध मधल्या मधी गेला.'

एवढं बोलून त्यानं चाचीला चहा टाकायला सांगितला. त्याच्या मय्यतीला मी गेलो होतो. कबरीत तीन मुठी माती टाकतात. मला कोणीतरी हातानं पुढे केलं आणि मीही टाकली.

दुसरी गोष्ट अलीकडची. मोहल्ल्यातल्या तांडेलचाचाच्या पुतण्याचं स्लॅबचं घर बंद असतं. तो कतारला, बायका-पोरं मुंब्र्याला. घराची किल्ली माझ्याकडे. आठवड्याला एकदा उघडून वारा द्यायचा, गळती बघायची. अशा तीन घरांच्या किल्ल्या माझ्या खुंटीवर आहेत. मोहल्ल्यातले म्हातारे हसतात, म्हणतात, 'कूळ होतं, आता खोत झालं.'

३ जून २०२०ला निसर्ग वादळ आलं. श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूनं जमिनीवर चढलं आणि आमच्या अंगावरून गेलं. करोनाचे दिवस, सगळे घरात बसलेले. दुपारी वाऱ्यानं आमच्या घराची कौलं पत्त्यासारखी उडाली. मग वासे हलायला लागले. माझी सून सात महिन्यांची गरोदर होती. मी किल्ली काढली आणि आम्ही सहा जण गुडघ्याएवढ्या पाण्यातून बांधावरून मोहल्ल्यात गेलो, त्या बंद घरात. मागून वाडीतली आणखी तीन घरं आली. एकोणीस माणसं त्या घरात होतो. मशिदीचे कौलही गेले होते. म्हाताऱ्या चाच्या शेजारच्या घरातून आमच्यातच येऊन बसल्या. रात्री चुलीवर एकच मोठं पातेलं ठेवलं, डाळ-भाताचं. माझी आई असती तर काय म्हणाली असती कोण जाणे. मला वाटतं जेवली असती.

सुपारी आडवी, नारळ आडवे, आंब्याची शंभर वर्षांची झाडं मुळासकट. वीज कित्येक दिवस नव्हती, फोनही नाही. नऊ दिवस आम्ही त्या घरात राहिलो. फोन लागला तेव्हा मी कतारला कळवलं, 'तुझं घर न विचारता वापरलं.' तो पलीकडून म्हणाला, 'काका, किल्ली कशाला दिली होती मग?' त्याच रात्री त्यानं विचारलं ते बांधाचं. घराचं नंतर विचारलं.

बांध राहिला होता. बाहेरच्या कांदळानं लाटा अडवल्या. ज्या रानानं माझी जमीन खाल्ली त्यानंच उरलेली राखली.

या हिवाळ्यात अष्टमीला आम्ही सहा जण होतो. मी, माझा मुलगा, वाडीतला एक, मोहल्ल्यातले दोन म्हातारे आणि तांडेलचाचाचा नातू. तो सुट्टीवर आला होता, एरवी बोटीवर इंजिनात काम करतो. ढेकूळ कसं धरायचं ते त्याला ठाऊक नव्हतं, दोनदा निसटलं. मी त्याला दाखवलं. दुपारी आंब्याखाली कोणी गेलं नाही, कारण तो आंबा वादळात गेला. सगळे मशिदीच्या पडवीतच बसलो. वहीत मी सहा नावं लिहिली. मग मागची पानं चाळताना पोरानं विचारलं, '९३चं पान कोरं का?'

मी त्याला सांगितलं. त्यानं सगळं ऐकून घेतलं, आणि मग भरती व्हायला किती वेळ आहे ते विचारलं. अजून तासभर होता. आम्ही परत चिखलात उतरलो.